शिवकन्येची कढई

१० नोव्हेंबर, सोमवार. लातूर

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा भरली. गेटातून आत पाय टाकला तर अंगणभर पोरांचे हात एकदम कपाळाला. तीन बोटं आडवी ओढली की ती मी. विभूतीवरून माझं नाव पाडलंय. तोंडानं बोलणारे मला अव्वा म्हणतात. बाहेरचे लोक या शाळेला मुक्याबहिऱ्यांची शाळा म्हणतात. मुकं इथं कुणी नाही. हातानं बोलतात, आणि माझ्यापेक्षा जास्त बोलतात.

सासूबाईंच्या पुण्यतिथीचं जेवण द्यायला म्हणून पहिल्यांदा आले होते. ताटं उचलेपर्यंत पोरांशी सुपारी लपवायचा खेळ खेळत बसले, ती बसलेच. वर्षाबाईंनी (इथल्या शिक्षिका, लेकीच्या वयाच्या) विचारलं, रोज याल का? आता त्यांच्याच वर्गात दुपारचा तास माझा असतो.

आज थाळी घेतली. सुपारी, वेलदोडा, खारीक, चावी, बटण. नीट बघायचं, मग वर टॉवेल, मग मी एक जिन्नस हळूच काढून घेते. काय गेलं? अरबाज आणि सानिया बसल्या जागी उड्या मारतात. मागच्या भिंतीला टेकून शिवकन्या. नऊ वर्षांची, हनुवटीवर तीळ, म्हणून हनुवटीला बोट लावलं की ती. थाळीकडं बघतच नाही.

तिचा बाप बालाजी तिला इथल्या वसतिगृहात सोडायला आला होता. मुखेडकडचे, घरची शेती. व्हरांड्यात मला म्हणाला, "अव्वा, खरं सांगू का? हिच्या डोक्यात काय ऱ्हातच न्हाई. दुकानाला तीन जिनसा आणाया धाडावं, एक घिऊन येती. नांदेडला कान दाखवले, मशीन घेतली. समदं झालं. आता येळवसला न्यायला येतो. तवर फरक दिसला तर माघारी आणून सोडतो. न्हाई तर पेटीसकट नेतो. घरी म्हशीमागं तरी जाईल."

मी म्हटलं, "म्हशीमागं जायला पण वाट लक्षात ठेवावी लागते."

"ती म्हशीला ठावं असती, अव्वा."

हसला. मी पण हसले. माणूस वाईट नाही, दमलाय.

येळवस म्हणजे पुढच्या महिन्यातली वेळा अमावस्या, शेतातल्या पूजेची आणि पंगतीची. दिवस थोडे.

११ नोव्हें., मंगळ.

वर्षाबाईंशी बोलले. म्हणाल्या, "अव्वा, यात हुशारीचा प्रश्न नाही. ऐकणारं पोरगं दुकानाला जाताना काय करतं? मीठ, साखर, काडेपेटी, मीठ, साखर, काडेपेटी. मनातल्या मनात घोकत जातं. हिला घोकायला शब्दच कुठं मिळाले? घरी कुणाला खुणा येत नाहीत. ती इथं आली जूनमध्ये. तोवर तिच्याशी कुणी धड बोललेलंच नाही."

त्या याला कार्यरत स्मृती म्हणतात. माझी चौथीतून शाळा सुटली, मला तो शब्द पेलत नाही. मी तिला डोक्यातली घागर म्हणते. बाई घागर घेऊन चालते, वाटेत कुणाशी बोलते, चप्पल सावरते, पण पाणी सांडत नाही. तसं. हातात दुसरं काम असताना डोक्यातलं सांडू द्यायचं नाही. उदगीरला किराणा दुकानात मी जन्म काढला. एक गिऱ्हाईक डाळ सांगतंय, दुसऱ्याचं तेल मापात, तिसऱ्याचं पोर बरणीत हात घालतंय. घागर भरलेलीच. कुणी शिकवली नाही, रोजच्या रगाड्यात झाली.

मग खेळात का नाही होणार?

१४ नोव्हें., शुक्र.

आज क्रमाचा खेळ. मी जिनसा एकेक करून दाखवते, परत पिशवीत टाकते. पोरांनी त्याच क्रमानं काढून द्यायच्या.

शि. ला दोन दाखवल्या, तिनं शेवटची दिली. तीन दाखवल्या, शेवटचीच दिली. परत केलं तर खारीक तोंडात टाकून बसली. चावत माझ्याकडं बघत होती, आता सांग क्रम.

सानियानं तिच्या डोक्यावर टिचकी मारून रिकाम्या डब्याची खूण केली. मी सानियाला दटावलं. पण शि. नं ते पाहिलंच.

१६ नोव्हें., रवि.

घरी खेळाची तयारी. चिंचोके रंगवले. आमचे हे पेपर बाजूला ठेवून म्हणतात, "सकाळी मला चहा दिलास का नाही ते तुला आठवत नाही, आणि चाललीस पोरांच्या आठवणी वाढवायला."

"दिला की."

"दोनदा दिलास."

"मग तक्रार कशाची?"

१९ नोव्हें., बुध.

शि. नं आज तीन जिनसा क्रमानं दिल्या! सुपारी, बटण, वेलदोडा. मी टाळ्या वाजवल्या, मग आठवलं, यांची टाळी दिसायला हवी, हात हवेत हलवले. सगळ्या वर्गाचे हात हवेत, जणू वाऱ्यावरची ज्वारी.

२४ नोव्हें., सोम.

आधी तीन, मग चार, आणि आज सहा. सहा जिनसा! एकेक बाहेर काढताना माझ्या तोंडाकडं बघते, हात पिशवीत फिरवते, आणि बरोब्बर तीच. मुख्याध्यापकांना हाताला धरून वर्गात आणलं. त्यांच्या समोर परत करून दाखवलं. ते म्हणाले, "अव्वा, कमाल केली तुम्ही."

मला काही राहवलं नाही. तिथूनच बालाजीला फोन लावला. "तीन म्हणत होतास ना? सहा आणेल आता तुझी लेक!"

पलीकडून, "खरं, अव्वा?"

"खरं."

घरी येताना पेढे घेतले. हे म्हणाले, कुणाचा निकाल लागला?

२६ नोव्हें., बुध.

लग्नाला उदगीरला गेले होते, काल तास चुकला. माझ्या जागी वर्षाबाईंनी पिशवीचा खेळ घेतला. शि. ला दोनच आल्या. मला वाटलं पोरीचं पोट दुखत असेल.

बाईंनी मला बाजूला घेतलं. "रागावू नका. आज तुम्हीच खेळवा. मी शि. कडं नाही, फक्त तुमच्याकडं बघत उभी राहते."

खेळवलं. पाच बरोबर. मी बाईंकडं बघितलं, म्हटलं बघा! बाई हसत नव्हत्या.

"अव्वा, तुमच्या भुवया."

पिशवी माझ्या मांडीवर, तोंड माझ्याकडं उघडं. पोरीचा हात आत योग्य जिनसेवर गेला की माझ्या भुवया वर जातात. चुकीच्या जिनसेवर गेला की ओठ आत. ती पिशवीत एकेका वस्तूला हात लावून माझं तोंड वाचत होती. तिला जिन्नस लक्षात ठेवायची गरजच नव्हती. या पोरांचा जन्म तोंडं वाचण्यात गेला, आणि मी म्हणजे उघडी पाटी.

बाईंनी वर्गाला विचारलं, हे कुणाकुणाला माहीत होतं? सगळ्यांचे हात वर. अरबाज उठला, पदर घेतल्यासारखं केलं, तीन बोटं कपाळावर ओढली आणि माझी नक्कल केली. भुवया टाळूला, मान बैलासारखी हलतेय, ओठ गिळलेले. पोरं लोळली. शि. पण हसली, तोंडावर हात ठेवून. मला हसू आलं, आणि हसता हसता रडू. पोरांनी दोन्ही वाचलं.

घरी सांगितलं तर हे शांतपणे म्हणाले, "म्हणून तर मी तुला भाव करायला बसू देत नव्हतो. गिऱ्हाईक तुझं तोंड बघून दर पाडायचं."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"गिऱ्हाईक टिकलं ना त्यानं."

हसण्यावारी नेलं, पण बालाजीला मी सहा सांगितलेत.

२८ नोव्हें., शुक्र.

उपाय म्हणून पदर खाली ओढून तोंड झाकलं आणि खेळवायला बसले. पोरं बावरली. खेळेनात. शि. उठून आली, दोन बोटांनी पदर उचलला, आत डोकावली, आणि माझ्या गालाला हात लावून विचारलं, काय झालं?

बाई म्हणाल्या, "यांच्यासमोर तोंड झाकणं म्हणजे बोलणं बंद करणं. अर्धी खूण हातात असते, अर्धी चेहऱ्यावर. तुम्ही रागावलात असं वाटलं त्यांना."

मग करायचं काय? तोंड उघडं ठेवलं तर उत्तर फुटतं. झाकलं तर पोरं तुटतात.

३० नोव्हें., रवि.

हे शेजाऱ्यांबरोबर ओट्यावर पत्ते खेळत होते. मी आपलं दुखणं सांगितलं. पानं लावता लावता म्हणतात, "तुला उत्तर ठाऊक असतं, म्हणून फुटतं. तू वाटायला बसूच नको. खेळायला बस."

इतकं साधं. उत्तर मला ठाऊकच नसावं! मी पोरांच्या रांगेत बसायचं, जिन्नस पोरांनीच दाखवायच्या, तपासायचं बाईंनी, खेळणाऱ्याच्या पाठीमागं उभं राहून. उठून यांना चहा दिला. एकदाच.

२ डिसें., मंगळ.

नवा खेळ. येळवस जवळ आली, पोरांना भज्जीच दिसून राहिलीय. तर कढईचा खेळ. गोल बसायचं. पहिल्यानं खूण करायची, कढईत तूर. दुसऱ्यानं तूर आणि हरभरा. तिसऱ्यानं तूर, हरभरा, गाजर. ज्याला सुटलं तो बाहेर. येळवसच्या भज्जीत, त्या मिसळ भाजीत, काय नसतं? सोले, वाटाणे, वाल, वांगी, मेथी, बोरं, चिंच, कांद्याची पात. कढई भरता भरत नाही. ज्याला खूण नव्हती त्याची पोरांनी पाडली. बोराची खूण बघून मला आंबट आलं.

मी पण गोलात. पाचव्या भाजीला मीच वाल विसरले. पोरांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. इतकी खूश पोरं मी पाहिली नव्हती.

शि. तर आधीच, तिसऱ्यालाच बाहेर. माझ्याजवळ येऊन बसली. आम्ही दोघी ढ.

४ डिसें., गुरू.

शि. आज पण तिसऱ्याला बाहेर. बालाजीला फोन करून खरं सांगावं म्हटलं. नंबर काढला, ठेवून दिला. उद्या.

६ डिसें., शनि.

आजचं नीट लिहून ठेवते.

कढई चालू होती. शि. ची पाळी आली. चार झाल्या, पाच झाल्या. मी गाजर आणि वांग्यात गोंधळलेले, म्हणजे माझं तोंड वाचून तिला फायदा नव्हता. ती माझ्याकडं बघतच नव्हती. मान वळवत एकेका पोराकडं बघायची आणि त्याची भाजी सांगायची. मध्येच अरबाज आणि सानिया पाणी प्यायला उठले आणि परत येताना एकमेकांच्या जागी बसले. पुढच्या पाळीला शि. थांबली. कपाळाला आठ्या. मग उठली, अरबाजला कॉलर धरून ओढत त्याच्या जागी नेऊन बसवलं, सानियाला तिच्या. परत आपल्या जागेवर आली, बसली, आणि सगळी कढई ओतली. तूर, हरभरा, बोरं, गाजर, वांगं, पात, चिंच. एकही सुटली नाही.

वर्षाबाई शि. च्या पाठीमागं उभ्या होत्या, तिच्या खुणा फळीवर पोरांनी एकेक भाजी घालताना ठेवलेल्या चित्रांशी ताडत. पुढं आल्या, म्हणाल्या, "बरोबर." आणि मग बाईंचेच डोळे भरले.

आपण एकामागून एक घोकतो. ती जागेवर ठेवते. एकेक भाजी एकेका पोराच्या मांडीवर ठेवून दिली, लागेल तेव्हा जाऊन उचलली. हे तिला कुणी शिकवलं नाही. आपण तिला आपली घागर डोक्यावर द्यायला बघत होतो, पोरीनं घराची सगळी भांडी मांडून पाणी भरून ठेवलं.

या वेळी फोन नाही केला. पेढे पण नाहीत. आधी पक्कं होऊ दे.

९ डिसें., मंगळ.

बाई म्हणाल्या, दुकानाच्या वाटेवर पोरं बसलेली नसतात. माणसांशिवाय जमलं पाहिजे. शि. ला खडू दिला, तुझ्या ओळखीची जागा काढ. तिनं शेत काढलं. विहीर, लिंब, बांध, गोठा, दगडाचा ढीग, वाकडी बाभळ. असं बारीक काढलं, मला चालत जाता आलं असतं. मग आम्ही तिच्या शेतात भाज्या ठेवल्या. चिंच विहिरीवर. वांगं बाभळीखाली. मग फरशी पुसून टाकली.

तिनं डोळे मिटले. हात चालू झाले.

आता मी तोंड कसंही करू दे.

१२ डिसें., शुक्र.

गेटाबाहेरच्या दुकानात पाठवलं. बाई लांबून मागं. मीठ, काडेपेटी, अंगाचा साबण. वाटेत मुद्दाम अरबाज आडवा गेला, तिच्याशी कागदी विमानावरून भांडण काढलं. भांडली, त्याचं विमान चुरगाळलं, दुकानात गेली, तिन्ही जिनसा घेतल्या. दुकानदारानं कपड्याचा साबण पुढं केला तर तो परत सारला आणि अंगाला चोळून दाखवलं. बाई म्हणाल्या, ते बघून दुकानदारच लाजला.

भांडणात सुद्धा सांडलं नाही. हीच घागर.

१७ डिसें., बुध.

बालाजी आला. बरोबर बोलेरोवाला, पेटी न्यायला. म्हणजे मनानं ठरवून आला होता. पण माझ्याकडं बघून चेहरा खुलला, "अव्वा, सहाचं मी पाव्हण्यारावळ्यात समद्यांना सांगितलं. आईला सांगितलं, येळवसला बघ म्हटलं."

आता सांगणं आलं. फोनवर टाळलं होतं, आज तोंडावर. म्हटलं, "बालाजी, ते सहा खरे नव्हते. ती माझं तोंड वाचत होती. चूक माझी, पोरीची नाही. पण त्यानंतर जे झालं ते खरं आहे. बस, दाखवते."

त्याचा चेहरा विझला. "म्हंजे तुमीबी, अव्वा?"

"बस तरी. दहा मिनिटं."

"ऱ्हाऊ द्या. शाळेत समदंच येतं हो. घरी येत न्हाई."

वर्षाबाईंनी पण सांगितलं. त्यांचं त्यानं मान खाली घालून ऐकलं. पेटी टपावर चढली. शि. नं पेटी बघितली, मग माझं तोंड बघितलं. मी काय लपवणार.

जाताना मात्र रीत सोडली नाही. "येळवसला या शेतात. तुमी आन् काका. आंबील प्यायला या."

एका उतावळ्या फोननं खऱ्याची किंमत घालवली. मुकाट्यानं खरं व्हायची वाट बघितली असती तर. बाई म्हणतात, स्वतःला मारून घेऊ नका. हे म्हणतात, मुखेडची गाडी सकाळी किती वाजता आहे बघतो.

१९ डिसें., शुक्र. येळवस

कालच उदगीरला मुक्काम करून सकाळी मुखेडची एस.टी. धरली. गाडीभर टोपल्या, गाडीभर भज्जीचा वास. बालाजीचं शेत रस्त्यापासून आत. हरभरा घाट्यावर आलेला, ज्वारी पोटरीला. कडब्याची खोपटासारखी कोपी, आत दगडांचे पाच पांडव मांडलेले, आंबिलीचं मडकं घोंगडीवर. बालाजीच्या आईनं माझा हात धरून बसवलं. ती लई बोलते. "ही का ती शाळंतली म्हातारी? माझ्याहून तरणी हाय की रे."

मी काही बोलायचं नाही असं ठरवून गेले होते. कुणाला काही करून दाखवायचं नाही. पूजा झाली, ओलगे ओलगे असा पुकारा करत शेताला आंबील शिंपली, पंगत उठली. मोठी माणसं लवंडली. पोरं कंटाळली.

आणि शि. उठली. चुलत, मावस, शेजारची, सगळी पोरं गोळा केली. दंडाला धरधरून गोल बसवली. कढईचा खेळ! ऐकणाऱ्या पोरांना हातानं शिकवून राहिली. तूर अशी, बोर असं. तोंडानं बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवायची, म्हणजे नियम असा की बोलायचं नाही.

मी लगेच कोपीच्या दाराशी, ज्वारीकडं तोंड करून बसले. पाठ सगळ्यांकडं. आता कुणी म्हणायला नको. पण कान कसे बंद करू? आणि बघितल्याशिवाय कळणार कसं? हे माझ्या शेजारी उलटे तोंड करून बसले आणि क्रिकेटसारखी कॉमेंट्री सुरू केली.

"लाल सदऱ्यावाला गेला. वाटाणा विसरला."

"शि.?"

"आहे. तिची पाळी आली नाही अजून. थांब. झाली. गेली पुढं."

"किती झाले?"

"मला खुणा कुठं कळतात? पोरं ओरडत नाहीत म्हणजे बरोबर असेल. अगं, बालाजी बसला खेळायला!"

मी मान वळवायला लागले. यांनी माझं डोकं धरून परत ज्वारीकडं केलं.

बालाजीचं हसणं ऐकू आलं. तूर, हरभरा, आणि मग, "आरं, काय हुतं ते... थांब, थांब..." पोरांचा गोंधळ. आणि त्याच्या आईचा आवाज, सगळ्या शेताला ऐकू जाईल असा:

"बाल्या, चौथ्याला गचकलास व्हय रं! आन् लेकराला म्हणतूस डोक्यात काय ऱ्हात न्हाई!"

सगळं शेत हसलं. हे पण हसले, मला त्यांचा खांदा हलताना कळला.

मग शांत झालं.

"काय झालं?"

"दोघीच राहिल्या. शि. आणि एक दहावीतली पोरगी. मोठी चुकली. आता नुसती शि. सगळं पहिल्यापासून सांगतेय. अगं, पण ही पोरांकडं बघतच नाही. तिकडं बघते. विहिरीकडं. आता लिंबाकडं. आता बांध."

मला राहवलं नाही. ज्वारीकडंच तोंड ठेवून मोठ्यानं म्हटलं, "बालाजी, ती कुठं बघते ते बघ. तिनं एकेक भाजी तुमच्या शेतात ठेवलीय."

बालाजीचा आवाज आला, हळू. स्वतःशीच. "इहीर... गोठा... दगडाचा ढीग..." तो तिच्या नजरेमागून चालला होता. "बाभळ... बाभळीचं काय गं?" आणि मग, "वांगं. वांगं म्हणली ती!"

तेव्हा मी वळले. आता खेळ संपला होता. शि. उभी होती, हात खाली, धापा टाकत, पळून आल्यासारखी. पोरांचे हात हवेत. कुणी शिकवलं त्यांना? तिनंच असणार. म्हातारी काहीच न कळता दोन्ही हात वर करून हलवत होती. बालाजी उकिडवा बसलेला, बाभळीकडं बघत.

मला आंबिलीचा तांब्या आणून दिला त्यानं. दिला तो दोन्ही हातांनी. म्हटलं आता बोलेल. म्हणाला, "आंबट झाली का?"

"झकास झालीय."

"बघू, अव्वा," म्हणाला. एवढंच. काय बघू ते मी विचारलं नाही. निघताना वाटेत त्यांच्या घरात डोकावले, पेटी पलंगाखाली, वर गोधड्या रचलेल्या.

२० डिसें., शनि.

गुडघे धरले. दिवसभर पडून. वर्षाबाई घरी आल्या, सगळं विचारून घेतलं, दोनदा. म्हणाल्या, "आपण फोन करायचा नाही. ठरवू दे त्याला." मी म्हटलं, फोन या शब्दाची मला आता भीतीच बसलीय.

पण एक सांगते. तिला घरी ठेवलं काय न् शाळेत आणलं काय, त्या पोरीनं काल जे केलं ते आता तिच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. असं लिहिते आणि लगेच वाटतं, नुसत्या म्हशीमागं फिरून कढई किती दिवस भरलेली राहील? खुणा करायला समोर माणूस लागतं.

२१ डिसें., रवि.

दुपारी भाकरी थापत होते, तर बालाजीचा फोन. व्हिडिओचा. पिठाच्या हातानंच घेतला. आधी त्याचा कान दिसला, मग अर्धं तोंड.

"अव्वा, एक इचारायचं हुतं. 'उद्या' हातानं कसं दावत्यात?"

"काय?"

"उद्या, उद्या. सकाळधरनं तिला एक सांगून राहिलो. बाकी समदं दावतो कसंबी, पण उद्यालाच गाडी अडकती. तिला वाटतं आजच. लगी चपला घालून पेटीवर बसली दोनदा."

मी फोन पाण्याच्या माठाला टेकवून खूण करून दाखवली. त्यानं केली, उलटी झाली. परत केली. तेवढ्यात बाजूनं एक छोटा हात आला आणि त्याचं मनगट धरून सरळ केलं.

"हां. बसलं. आता फुडचं मला येतं."

"पुढचं काय, बालाजी?"

पण तो वळला होता तिच्याकडं. फोन कशावर तरी ठेवला असणार, मला नुसते पत्रे दिसत होते. आवाज काही नाही. हातानं बोलायला आवाज कशाला लागतो. मग पत्रे थिजले आणि फोन तुटला. परत लावला, लागत नाही. तिकडं रेंजची नेहमीची बोंब.

तव्यावरची भाकरी करपली. हे वास घेत आत आले.

"कुणाचा होता?"

"बालाजीचा."

"काय म्हणाला?"

"उद्या म्हणाला."

"उद्या काय?"

"ते त्यानं तिला सांगितलं. मला नाही."